मदत हवी आहे: येझदी रोडकिंगच्या क्लच कव्हरला तडा

माझी जुनी येझदी मोटरसायकल डाव्या बाजूला पडली आणि क्लच कव्हरला (इंजिनाच्या डाव्या बाजूचं झाकण) किक-शाफ्टच्या (किकचा दांडा बसतो तो आस) भोकापासून खाली दोनेक इंच तडा गेला. तुकडा निघालेला नाही, पण ऑइल गळतं. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला, त्यामुळे मूळ कव्हर मिळणं नशिबाची गोष्ट. भंगारात एक सापडलं, त्याचे आटे गेलेले. बाजारातलं नवीन नकली कव्हर लावून पाहिलं, तर किक-शाफ्ट घासतो. येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच, म्हणजे गिअरही अडकतात.

तड्यात एम-सील भरून झालं. इंजिन तापलं की सुटतं. गॅस वेल्डिंग नको, कव्हरच वितळेल. आर्गॉन वायू वापरून विजेवर वेल्डिंग करणारा (आर्गॉनवाला) तयार आहे, पण जुन्या ओतीव अॅल्युमिनियममध्ये ऑइल मुरलेलं असतं, वेल्डमध्ये भोकं पडतील म्हणतो, हमी देत नाही. मी कोल्हापुरात आहे, पुण्यापर्यंत कव्हर पाठवू शकतो.

ज्यांनी असं कव्हर वेल्ड करून घेतलंय त्यांनी सांगा: मुरलेलं ऑइल काढायला आधी भट्टीत तापवलं की नुसतं थिनर-अॅसिटोनने भागलं? वेल्डमध्ये भरायला ४०४३ रॉड (सिलिकॉन मिसळलेला अॅल्युमिनियमचा) चालेल ना? आणि गॅस्केटची बाजू (इंजिनाला चिकटून बसते ती सपाट कड) वाकू नये म्हणून कव्हर जुन्या इंजिन केसिंगवर आवळून वेल्ड करायचं, की नंतर फेसिंग मारून (मशीनवर ती कड सपाट करून) घ्यायचं?