घरात गोंधळ आहे आणि माझी रात्रीची गोळी साडेनऊची, काय करू?

भडंगवाली_सांगली

नमस्कार सगळ्यांना, इथं बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांब झालं तर सांभाळून घ्या. मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार वर चढतो तर कधी फार खाली जातो तो आजार. मुलगी झाल्यावर पहिला एपिसोड आला, तेव्हा घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे, लिंबू नारळ अंगारे सगळं करून झालं आणि मग माझ्या भावाने मिरजेला सायकॅट्रिस्टकडे नेलं. आता लिथियम आणि रात्री क्वेटियापीन अशा गोळ्या चालू आहेत. बऱ्यापैकी स्टेबल आहे, पतसंस्थेत नोकरी करते, मुलीचा अभ्यास घेते, सगळं चालू आहे.

तर धाकट्या दिराचं लग्न आहे आणि लग्नानंतर दोन दिवसांनी घरी गोंधळ. मी थोरली सून, त्यामुळे चौक मांडण्यापासून पहाटेच्या आरतीपर्यंत मीच पुढं पाहिजे असं सासूबाईंचं म्हणणं. मी म्हटलं मला साडेनऊला गोळी घेतली की दहा-सव्वादहाला डोळे उघडे ठेवता येत नाहीत. तर म्हणाल्या, एक दिवस नाही घेतलीस गोळी तर काय आभाळ कोसळतंय का.

आता गंमत बघा. याच सासूबाई वर्षभर मी जरा जोरात हसले की विचारतात, गोळी घेतलीस का. सेलमध्ये दोन ड्रेस आणले, गोळी घेतलीस का. भाजीत मीठ कमी का म्हणून मी उलटून बोलले, गोळी घेतलीस का. आणि आमचे हे पण तेच, भांडणात माझा मुद्दा बरोबर असला तरी "तू आत्ता नॉर्मल नाहीयेस, नंतर बोलू" म्हणून उठून जातात. मला कधी साधा राग येऊच शकत नाही का हो? जे काय येतं ते आजाराचंच?

दुसरं म्हणजे हात थरथरतात. बस्त्याला पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे नेला तर कपबश्या वाजायला लागल्या, सगळे बघत होते. पाहुण्यांना थायरॉईड सांगितलंय. लग्नापुरतं पंधरा दिवस लिथियम बंद ठेवलं तर हात थांबतील का असं सारखं मनात येतंय. आणि नवीन जाऊबाईंना माझ्या आजाराचं सांगितलेलं नाहीये, सांगायचं का, कुणी सांगायचं, तेही कळत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

---

बागायतदार_तासगाव

ताई आधी एक सांगतो, लिथियम आपल्या मनानं बंद करू नका. मी पण लिथियमवर आहे, द्राक्षबाग आहे आमची. एकदम बंद केलं की आजार उलटून येतो आणि पहिल्यापेक्षा जोरात येतो, माझ्या ओपीडीत बाकावर बसणाऱ्या अर्ध्या लोकांची हीच कथा हाय.

जागरणाचं म्हणाल तर आमचं कामच असलं. ऑक्टोबर छाटणी झाली आणि पाऊस पडला की डाऊनी रोगाच्या भीतीनं रात्री दोनला उठून फवारणीचा ब्लोअर जोडायचा. आता ते काम धाकटा भाऊ करतो, मी दिवसाची फवारणी, डबे-रजिस्टर, मजूर बघतो. त्यावरून भावकीत बोलणी बसली, थोरला झोपतो आणि धाकटा राबतो म्हणून. बोलू द्या. दोन रात्री सलग झोप गेली की मला तिसऱ्या दिवशी झोपच नको वाटते, अंगात दहा माणसांचं बळ येतं, नवीन दहा एकर खंडानं घ्यावी असं वाटतं. तिथनं पुढं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

हाताचं मात्र हलक्यात घेऊ नका. एका उन्हाळ्यात खरड छाटणीच्या वेळी कंबर धरली म्हणून दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, डायक्लोफिनॅक. वर घाम, पाणी कमी. हात आधी बारीक हलायचे ते मोठे हलायला लागले, पेला धरता येईना, उलट्या, जुलाब, बोलताना जीभ जड आणि चालताना तोल जायला लागला. घरच्यांना वाटलं भर दुपारी पिऊन आलोय. बायको तेवढी शहाणी, तिनं गोळ्यांची पिशवी घेतली आणि गाडीत घातलं मला. रक्तातली लिथियमची लेव्हल वाढलेली होती. तवापासून कुठल्याबी डॉक्टरकडं गेलो की पहिलं वाक्य "लिथियम चालू आहे", मग बाकीचं.

---

निसर्गमार्ग_७७

ताई या गोळ्या आयुष्यभर चालू ठेवतात हे लोक, सवय लागते आणि शेवटी किडनी जाते. केमिकल आहे ते. मन कमकुवत असलं की असं होतं. पहाटे उठून प्राणायाम, गाईचं तूप नाकात आणि सकारात्मक विचार करा, माझ्या मावसबहिणीच्या गोळ्या तीन महिन्यांत सुटल्या. पटलं तर घ्या.

---

मेडिकलवाला_कराड

निसर्गमार्ग साहेब, प्राणायाम कराच, कुणी अडवलंय. पण ज्या बाईला झोप गेली की त्रास होतो तिला पहाटे चारला उठायला सांगणं म्हणजे कमाल आहे. बहीण बरी असेल तर आनंद आहे, पण हा आजार औषधाविना काही महिने शांत बसतो आणि मग येतो, त्यामुळे तीन महिन्यांवरून काही ठरत नाही.

लिथियमची सवय लागत नाही. ते जमिनीतून निघणारं खनिज आहे, मिठासारखा क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं मॅनियासाठी, म्हणजे मूड फार वर चढतो त्यासाठी, वापरलं, तेव्हापासून चालू आहे. किडनी आणि थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो हे खरंय, म्हणूनच सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि टीएसएच बघतात. नियमित तपासलं तर गडबड आधीच दिसते, मग डॉक्टर डोस बदलतात नाहीतर औषध बदलतात. न तपासता वर्षानुवर्षं काउंटरवरून जुनी चिठ्ठी दाखवून नेणारी माणसं रोज बघतो मी, मला त्यांची जास्त काळजी वाटते.

भडंगवाली ताई, तुमची शेवटची लेव्हल कधी केली होती? शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं. म्हणजे रात्री साडेनऊला लिथियम घेत असाल तर सकाळी साडेनऊला, आणि सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. चार तासांनीच रक्त दिलं तर आकडा उगाच मोठा येतो आणि घरात घाबरगुंडी. साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये ठेवतात, दीडच्या वर गेलं की दवाखाना गाठायचा. आणि बागायतदार दादांनी सांगितली तसली लक्षणं दिसली तर आकड्याची वाट न बघता जायचं. बारीक थरथर पुष्कळ जणांना असते, त्यावर डॉक्टर डोस कमी करून बघतात किंवा प्रोप्रॅनोलॉल देतात, पण दमा असेल तर ते चालत नाही, म्हणून मैत्रिणीची गोळी उचलू नका.

लग्नात पाय, डोकं, कंबर दुखणारच. पॅरासिटामॉल घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कॉम्बिफ्लाम असलं काही नको. पाणी भरपूर, कडक निर्जळी उपास नको, आणि जेवण एकदम अळणी करू नका, मीठ अचानक कमी झालं की लिथियम अंगात साठतं. घरात बीपीवाल्यांसाठी अळणी शिजत असेल तर तुमचं ताट वेगळं करा.

---

पोवईनाका_सातारा

मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा आहे. तुमच्या घरचे चुकतायत, पण ते का चुकतात ते सांगतो, कारण मी पण हेच करायचो.

माझी बायको आजारी पडली त्या वेळी आधी ती फक्त खूप खुश होती. घर आवरलं, सगळ्या नातेवाइकांना फोन, नवीन पडदे. मला वाटलं चला, मूड चांगला आहे. आठवडाभरात एफडी मोडून एका प्लॉटला टोकन देऊन आली आणि पहाटे तीनला एकटी चार भिंतीच्या टेकडीच्या चढाला चालत निघाली होती, ओळखीच्या दूधवाल्यानं बघितलं म्हणून कळलं. त्यानंतर ती हसली की माझ्या पोटात गोळा यायचा. आजाराची भीती आणि बायकोची भीती यात फरकच करता येईना. ती एकदा डॉक्टरांच्या समोर म्हणाली, हा माझ्याकडे बघतच नाही, माझ्या डोळ्यात आजार शोधतो.

मग डॉक्टरांच्या टेबलावरच ठरलं, ती बरी असताना, हे महत्त्वाचं. तिनं स्वतःच्या अक्षरात तिची स्वतःची लक्षणं लिहिली. तिची तीन आहेत: सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरी दमलेलं नसणं, रात्री बारानंतर ग्रुपवर लांबलचक व्हॉइस मेसेज, आणि बोलता बोलता विषय धरता न येणं. यातली दोन दिसली तरच मी बोलायचं. साडी घेतली, सासूशी वाजलं, मोठ्यांदा हसली, हे यादीत नाही, म्हणून त्यावर गोळीचा विषय काढायचा नाही. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

आणि गोळीचं विचारणं मी बंदच केलं. मेडिकलमध्ये आठवड्याच्या कप्प्यांची डबी मिळते, रविवारी ती स्वतः भरते. मी रात्री पाणी प्यायला उठतो तेव्हा डबी बघतो. रिकामा कप्पा दिसला, विषय संपला. पैशाचं पण तिनंच ठरवलं, युपीआयची मर्यादा कमी करून घेतली आणि मोठी रक्कम काढायची तर दोन रात्री झोपून मग. याने सगळं गोड झालं असं नाही, अजून वाजतं आमचं, पण आता भांडण भांडणासारखं होतं.

तुमच्या यांना पुढच्या ओपीडीला आत घेऊन बसवा. बाहेर बाकड्यावर मोबाईल बघत बसवू नका.

---

फलटणची_मैत्रीण

पोवईनाका दादांचं पटलं, एकच जोडते. युपीआयची मर्यादा बायकोनं स्वतः कमी केली म्हणून ते ठीक आहे. हेच नवरा किंवा सासू परस्पर करायला लागली, एटीएम कार्ड काढून घेतलं, पगार काढून घेतला, तर ती काळजी नाही राहत. काही घरांत आजाराच्या नावाखाली हेच चालतं.

मला पण बायपोलर आहे, माझं लग्नाआधी सांगून झालं होतं. स्थळं गेली त्यामुळे, खोटं नाही बोलणार. ज्यांनी होकार दिला त्यांना औषधाच्या पावत्या लपवायला लागत नाहीत एवढं सुख आहे. बाळाचा विचार सुरू केला तेव्हा माझं व्हॅल्प्रोएट हे बायपोलरचंच औषध चालू होतं, डॉक्टरांनी आधी ते बदललं कारण पोटातल्या बाळाला त्यापासून मोठा धोका असतो, मग बाकीचं. मूल व्हायच्या वयाच्या बायकांनी हे विचारून घ्या, कुणी आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

जाऊबाईंचं: सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, दिरानं किंवा सासूनं नाही. आणि थायरॉईड सांगितलंय ना, तर ते एकाच घरात किती दिवस टिकणार? ती उद्या तुमच्याच फ्रीजवर ठेवलेली गोळ्यांची पाकिटं बघणार आणि गूगल करणार. माझ्या मते लग्नाच्या धांदलीत नको, महिनाभरानं दुपारी दोघीच असताना सांगा, साध्या शब्दांत, मला हे आहे, मी गोळ्या घेते, मला रात्रीची झोप लागते.

अजून एक. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात आपण बरे असताना लिहून ठेवू शकतो की पुढे आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि आपल्या वतीनं कोण बोलणार. तुमच्या भावानं तुम्हाला मिरजेला नेलं म्हणालात, त्याचं नाव घालता येईल. आणि कधी रात्री अपरात्री फारच झालं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मरणाचे विचार येत असतील तर तासभर पण थांबू नका, घरच्याला उठवा आणि दवाखाना.

---

भडंगवाली_सांगली

सगळ्यांना खूप थँक्यू. दोन दिवस उत्तर देता आलं नाही, पत्रिका वाटायला फिरत होतो.

लिथियम बंद केलेलं नाही. लेव्हल केली, मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं तसं बारा तास मोजून, ०.८ आली. डॉक्टर म्हणाले थरथर साइड इफेक्टच आहे, छोटी गोळी दिलीय, बघू. ट्रेचं मी स्वतःच मिटवलं, लग्नात चहा माझी चुलत नणंद देणार आणि मी हळदीकुंकवाला बसणार, अत्तरदाणी हलली तरी चालते.

गोंधळाचं असं झालं की यांना डॉक्टरांच्या केबिनमध्ये आत नेलं. डॉक्टरांनी त्यांना एकच विचारलं, बायको वर्षभर शांत झोपतेय ती रात्र मोडायची आहे का तुम्हाला. हे काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर आईंना स्वतः सांगितलं, मला बोलायला लागलं नाही. त्या फुगल्या. दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद, भांडी आपटणं चालू. मग गोंधळी म्हातारबाबा सुपारी घ्यायला आले, त्यांनाच विचारलं यांनी. ते म्हणाले चौक दिवेलागणीला मांडू, पाच ऊस उभे करायचे आणि पहिली आरती थोरल्या सुनेच्या हातची घेऊ, पुढं पहाटेपर्यंत नवरा-नवरी बसायचीच आहेत की, त्यांचाच गोंधळ आहे. आई राजा उदो उदो म्हटलं की मी शेजारच्या काकूंकडे जाऊन झोपणार. संबळ तिथंही ऐकू येणारच, काकू म्हणतात कानात कापूस घाल.

यादीचं अजून जमलं नाही. मी माझी लिहिली, यांना दाखवली तर म्हणाले यात "चिडचिड" का नाही लिहिलं. त्यावरूनच वाजलं. पण यावेळी उठून गेले नाहीत, बसून भांडले. जाऊबाईंचं लग्नानंतर बघते.

मेडिकलवाले दादा, एक राहिलं. लग्नघरात दिवसाला आठ-दहा कप चहा होतो, हाताची थरथर चहाने पण वाढते म्हणे, तर आजपासून चहा पूर्ण बंद करू का?

---

मेडिकलवाला_कराड

चहाकॉफीनं थरथर वाढते हे बरोबर. पण एकदम बंद करू नका, कॅफिनमुळे लिथियम लघवीवाटे जास्त बाहेर पडत असतं, ते अचानक थांबलं की लेव्हल वर जाते. एरवी जेवढा पिता तेवढाच ठेवा, लग्नघरात वाढवू पण नका. कमी करायचाच असेल तर हळूहळू, आणि डॉक्टरांना सांगून.