एलेव्हेशन टरेटचा झिरो: स्टॉपच्या भरवशावर सोडायचा की डोळ्यांनी वाचायचा?

डोंगरवाट:
मी टेक्सासमध्ये असतो आणि .22 रायफलने लांब पल्ल्याच्या स्टील प्लेटच्या मॅचेस खेळतो. इथे नव्या खेळाडूला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "झिरो-स्टॉपवाला स्कोप घे, मग काळजी नाही." मला हा सल्ला अर्धवट वाटतो, आणि अर्धवट आहे म्हणूनच घातक.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कोप म्हणजे रायफलवरची दुर्बीण. तिच्यावरचा टरेट, म्हणजे एलेव्हेशनची (उंचीची) चक्री, फिरवला की गोळी वर किंवा खाली लागते. ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळतात ती टरेटची जागा म्हणजे झिरो, आणि टरेटला त्याखाली जाऊ न देणारा अडथळा म्हणजे झिरो-स्टॉप. मिल हे कोनाचं माप. मिलच्या टरेटला एक क्लिक म्हणजे सहसा 0.1 मिल, म्हणजे 100 मीटरवर 1 सेंटीमीटर. बऱ्याच टरेटना एका फेरीत 10 मिल मिळतात. .22 ची गोळी मंद असते. 50 यार्डांवर झिरो केलेली रायफल 200 यार्डांसाठी सात-आठ मिल चढवावी लागते, आणि 300 साठी साधारण 15. म्हणजे दुसरी फेरी आलीच. आता गोम अशी, की टरेटवरचा 0 प्रत्येक फेरीला पुन्हा समोर येतो. स्टेज (मॅचमधला एक टप्पा) संपते, खेळाडू घाईघाईने टरेट उलटा फिरवतो, 0 दिसला की थांबतो. तो वरच्या फेरीचा 0 असला तर पुढची गोळी 100 यार्डांवर 91 सेंटीमीटर वर जाणार. प्लेट तर चुकतेच, पण मागचा मातीचा बांध बुटका असेल तर गोळी रेंजच्या बाहेर! हा गुणांचा प्रश्न राहत नाही.

म्हणून माझं मत: स्टॉप असो वा नसो, स्टेज संपली की मॅगझिन काढायचं, बोल्ट उघडायचा, टरेट खाली आणायचा, आणि आकडा व टरेटखाली उघड्या पडणाऱ्या फेऱ्यांच्या रेघा दोन्ही वाचल्याशिवाय रायफल उचलायची नाही.

नटबोल्ट_चिंचवड:
तुमच्या शिस्तीबद्दल आदर आहे, पण मूळ मुद्दा पटला नाही. वेळ लावलेल्या मॅचमध्ये, धापा टाकत असताना, माणूस वाचत नाही. त्याला वाचल्यासारखं वाटतं. आमच्याकडे कारखान्याच्या लाइनवर पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना) लावतात ते कामगार बेशिस्त आहे म्हणून नव्हे, शिफ्टच्या शेवटी कोणाचंही लक्ष उडतं म्हणून. झिरो-स्टॉप तेच करतो. आत एक कडी किंवा प्लेट असते, ती झिरोला अडते, टरेट पुढे जातच नाही. अंधारात, हातमोजे घालून, डोळे मिटूनसुद्धा झिरो सापडतो. जे काम धातू करतो ते स्मरणशक्तीवर का टाकायचं?

डोंगरवाट:
धातू करतो हे खरं, पण किती करतो ते पाहा. किती जण स्टॉप नेमका झिरोवर बसवतात? दुसऱ्या लॉटची गोळी किंवा उन्हाळ्यातली हवा आली की झिरो दोन-चार क्लिक खाली सरकतो. स्टॉप कडेकोट झिरोवर असेल तर खाली जायला जागाच उरत नाही. म्हणून जाणकार तो अर्धा मिल खाली ठेवतात, काही स्कोपमध्ये ती जागा कारखान्यातूनच येते. म्हणजे हाताला जो अडथळा लागतो तो झिरो नाहीच, उणे 0.5 आहे. डोळे मिटून झिरो सापडतो म्हणणारा खेळाडू तिथेच अर्धा मिल खाली मारतो.

दुसरी गोष्ट, टरेटची टोपी ग्रब स्क्रूवर (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूवर) धरलेली असते. स्क्रू ढिले पडून टोपी आतल्या दांड्यावर सरकली, आणि स्टॉप टोपीलाच जोडलेला असला, तर दोन्ही मिळून खोटं बोलतात. आकडा 0, अडथळाही जागेवर, गोळी भलतीकडे. मी स्क्रूपासून टोपीवर पेंटची बारीक रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की पहिलं काम कागदावर झिरो तपासणं.

करवीरकर:
मी कोल्हापूरची. आमच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये दुर्बीण चालतच नाही, पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची) असते आणि तिला स्टॉप-बिप काही नसतो. नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथं झोपून), स्टँडिंग (उभ्याने), तिन्हींत डोकं वेगळ्या ठिकाणी बसतं, म्हणून तिन्हींचं एलेव्हेशन वेगळं. आमच्याकडच्या मुलामुलींच्या वहीत असंच लिहिलेलं असतं: नीलिंगवरून प्रोनला इतके क्लिक, प्रोनवरून स्टँडिंगला इतके, कोणत्या दिशेला. दीड तासात 60 गोळ्या, त्यातच पोझिशन बदलायच्या, आणि दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं! राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ते याच प्रकारात. डोंगरवाटदादा म्हणतात तेच खरं, वही आणि सवय हवीच.

नटबोल्ट_चिंचवड:
ताई, एक फरक तुम्ही सोडून दिलात. तुम्हाला प्रत्येक पोझिशनला साइटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या गोळ्या, मिळतात. क्लिक चुकले तर ते साइटरमध्येच दिसतं आणि गुण जात नाहीत. स्टीलच्या मॅचमध्ये पहिलीच गोळी मोजली जाते. तिथे वही पुरत नाही.

करवीरकर:
साइटरचं मान्य. पण साइटरवर क्लिक शोधत बसलेल्याचा वेळ त्या दीड तासातूनच जातो, आणि तो शेवटी स्टँडिंगला नडतो. फुकट काही नसतं.

जुना_जवान:
द्रागुनोव्ह या रशियन स्नायपर रायफलच्या दुर्बिणीवर हा वादच उद्भवत नाही. चक्रीवर 1 ते 10 आकडे, म्हणजे 100 ते 1000 मीटर, सगळे एकाच फेरीत. कितव्या फेरीत आहोत हा प्रश्नच नाही. माझ्या मते दोष बहुफेरी टरेटचा आहे, माणसाचा किंवा स्टॉपचा नाही. एका फेरीत भागेल असा टरेट निवडा.

डोंगरवाट:
साहेब, ती चक्री एका ठरावीक काडतुसाच्या हिशेबाने कोरलेली असते, म्हणून जमतं. आम्ही गोळी बदलतो, अंतरंही यार्डायार्डाने बदलतात. .308 या मोठ्या, वेगवान काडतुसावरसुद्धा 1000 यार्डांना 11-12 मिल लागतात. 10 मिलच्या टरेटवर तेव्हा समोर दिसतो 1.6, आणि तोच 1.6 पहिल्या फेरीत तीनशेहून थोड्या जास्त यार्डांचा असतो. मोठ्या फेरीचे टरेट मिळतात, पण क्लिक एकमेकांना इतके चिकटतात की हातमोज्यांत एकाऐवजी दोन पडतात.

नटबोल्ट_चिंचवड:
स्टॉप खाली ठेवला की तो झिरो राहत नाही, हे बरोबर आहे. पण त्यावर उपाय वाचन नाही, उपाय स्टॉप नेमका झिरोवर बसवणं हाच. थंडी-उन्हाळ्याचे दोन-चार क्लिक रेटिकलवर (दुर्बिणीतल्या नेमाच्या रेघांवर) धरा. आणि तुमचा 91 सेंटीमीटरचा धोका बघा, त्यात अर्धा मिल इकडेतिकडे असलेला स्टॉपसुद्धा पूर्ण फेरीची चूक होऊच देत नाही, शेवटपर्यंत फिरवायची सवय असली की झालं. नव्या मुलाला मी आधी तेच शिकवेन: आकड्याकडे बघू नकोस, अडेपर्यंत फिरव.

डोंगरवाट:
"अडेपर्यंत फिरव" हे मीही शिकवेन, पूर्ण फेरीची चूक त्याने टळते हे मान्य. पण "बघू नकोस" कधीच म्हणणार नाही. त्याच मुलाच्या हातात उद्या क्लबची जुनी, बिनस्टॉपची रायफल दिली तर तो टरेट अगदी तळापर्यंत नेईल आणि त्यालाच झिरो समजेल. तसल्या स्कोपला मी तळापासून झिरोपर्यंतचे क्लिक मोजून तो आकडा बटस्टॉकच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) आतल्या बाजूला चिकटवतो.