मदत हवी आहे: उन्हाळा सरला, गाल कोरडे पडले, कपाळ मात्र अजून तेलकट

हवा कोरडी व्हायला लागल्यापासून माझं उन्हाळ्यातलं रुटीन चालेनासं झालंय. त्वचा मिश्र आहे. सकाळी-रात्री २% सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा (तेल काढून रंध्रं मोकळी करणारं अ‍ॅसिड) फेसवॉश, मग जेल मॉइश्चरायझर, दिवसा एसपीएफ ५० सनस्क्रीन. आठवड्यातून दोन रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार, याने त्वचा कोरडी पडू शकते). रेटिनॉल वर्षभर सुरू आहे, कधी त्रास झाला नाही.

आता तोंड धुतल्यावर दहा मिनिटांत गाल ताणतात. नाकपुड्यांच्या कडेला बारीक पापुद्रे निघतात, त्यावर सनस्क्रीन लावलं की त्याच्या पांढऱ्या गुठळ्या होतात. दुपारपर्यंत कपाळ पुन्हा चकचकीत!

करून पाहिलेलं: सकाळी नुसतं पाणी (थोडा फरक पडला). चेहराभर सेरामाइडचं (त्वचेतला ओलावा टिकवणारा स्निग्ध घटक) घट्ट क्रीम लावलं तर गाल मऊ झाले, पण आठवडाभरात कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या, म्हणून थांबवलं. खाज, लाली नाही. नवीन काही सुरू केलेलं नाही. सनस्क्रीन सोडायचं नाहीये आणि रोज तीन-चार थरांपेक्षा जास्त जमणार नाही.

रात्री सौम्य फेसवॉश घेऊन सॅलिसिलिक फक्त कपाळ-नाकापुरतं ठेवलं, आणि क्रीम फक्त गालांना लावलं, तर चालेल का? की आधी रेटिनॉल काही दिवस बंद करून बघू?