पुढच्या थंडीचे कपडे आत्ताच घेताना माप कोणतं धरावं? (मुलगी, 17 महिने)

चिमणचारा
थंडी सरत आली, गरम कपडे सवलतीत मिळताहेत, म्हणून पुढच्या वर्षीचे आत्ताच घेऊन ठेवायचा विचार आहे. मुलगी 17 महिन्यांची आहे. भिंतीला उभी करून उंची मोजली तर 80 सेमी भरते, वजन 10 किलो. थंडी पुन्हा सुरू होईल तेव्हा ती 26 महिन्यांची असेल, संपेल तेव्हा 30. लेबलवरच्या वयाप्रमाणे "2-3 वर्षे" घ्यावं असं वाटतं. घरचे म्हणतात, सरळ दोन मापं मोठं घे. स्वेटर, जाकीट, पॅन्ट, झोपायचे अंगभर कपडे आणि बूट घ्यायचे आहेत. नक्की कशावरून ठरवायचं?

मोजपट्टी
वय बाजूला ठेवा आणि उंचीवरून जा. "2-3 वर्षे" लिहिलेला कपडा बहुतेक ठिकाणी 98 सेमी उंचीसाठी कापलेला असतो. तुमची मुलगी त्या थंडीत तिथवर पोचणार नाही.

हिशेब असा. दुसऱ्या वर्षात मूल महिन्याला साधारण 1 सेमी वाढतं आणि दोन वर्षांनंतर हा वेग पाऊण सेमीच्या आसपास येतो. आज 80, म्हणजे दोन वर्षांची होईल तेव्हा 86-87. थंडीच्या सुरुवातीला 88 आणि शेवटाला 91 च्या थोडं पुढेमागे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मुलींची मधली रेघ 24 महिन्यांना सुमारे 86 आणि 30 महिन्यांना सुमारे 91 सेमी दाखवते, त्यामुळे हा अंदाज तिच्या बाबतीत जुळतो. मूल वरच्या किंवा खालच्या रेघेवर असेल तर त्याचीच रेघ पुढे ओढायची, मधली नाही. मात्र दोन वर्षांच्या आत काही मुलं रेघ बदलतात. मागच्या तीन-चार नोंदी बघून रेघ स्थिर आहे की चढउतार होतोय ते तपासा.

युरोपीय मापं उंचीवरच असतात: 80, 86, 92, 98, दर पायरी 6 सेमीची. 92 हे माप साधारण 87 ते 92 उंचीसाठी असतं. म्हणजे तुमचं उत्तर 92. त्यावर बऱ्याचदा "18-24 महिने" लिहिलेलं दिसेल, आणि तिथेच लोक बिचकून मोठं माप उचलतात.

उंची नीट मोजा. टाच, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर, आणि डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे 0.7 सेमी जास्त येते, तेव्हा जुन्या नोंदींशी ताडताना हे लक्षात असू द्या.

धावदोरा
92 ला माझीही संमती, पण सगळ्या कपड्यांना एकच नियम लावू नका.

पॅन्ट आधी. एका मापामागे कंबर जेमतेम 1 सेमीने वाढते, पायाची आतली लांबी मात्र साधारण 3 सेमीने. शिवाय दोन वर्षांनंतर मूल लांब होतं आणि पोट आत जातं. त्यामुळे मोठी पॅन्ट कंबरेला तेवढी सैल होत नाही, पायात घोळते. आतून काजं असलेलं बटणांचं इलॅस्टिक असेल आणि घोट्याला रिबची पट्टी असेल, तर पॅन्ट एक माप मोठी, म्हणजे 98 घेतली तरी चालेल. रिब घोट्यावर अडते आणि वरचं कापड गुडघ्यापाशी फुगून राहतं. सरळ कापाची पॅन्ट मात्र दुमडून घालू नका. दुमड दोन पावलांत सुटते आणि टाचेखाली येते. आतल्या बाजूने 1.5 सेमीची आडवी टक धरून हाताने धावदोरा घाला, 3 सेमी लांबी आत जाते. मूल वाढलं की दोरा ओढून काढायचा. बाहीलाही हेच करता येतं, पण टक मनगटाशी नको, कोपराच्या वर घ्या, म्हणजे हात वाकवताना जाड घडी टोचत नाही.

स्वेटर आणि टॉप मोठे घेतले तर बिघाड गळ्यात होतो. गळा रुंद असतो, तो एका खांद्यावरून घसरतो, खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि बाही बोटांवर येते. हात झाकलेलं मूल धड वस्तू पकडू शकत नाही, पडताना आधारही घेऊ शकत नाही. म्हणून वरचे कपडे 92 च्या वर नको.

जाकीट: ते स्वेटरवरून घालायचं गृहीत धरूनच बहुधा कापलेलं असतं. त्यात आपण आणखी एक माप चढवलं की सैलपणा दुप्पट होतो. आणि टोपीला किंवा गळ्याला नाडी असलेलं जाकीट घेऊच नका, घसरगुंडीच्या फटीत नाडी अडकली की गळा आवळतो.

कापूसकोंडा
सुती विणलेल्या कपड्यांसाठी एक भर. पहिल्या एक-दोन धुण्यांत सुती होजिअरी लांबीत 5 टक्क्यांपर्यंत आटू शकते. 36 सेमीचा पाय असेल तर जवळजवळ 2 सेमी गेले. ड्रायरमध्ये वाळवलं तर आणखी. "प्रि-श्रंक" लिहिलं असेल तर कमी आटतं. लोकर आणि सूत मिश्रणाचं धुण्याचं लेबल वाचून ठेवा.

आज अंगाला नीट बसणारा कपडा जमिनीवर सपाट पसरून नव्याशी ताडणं हा लेबलपेक्षा भरवशाचा मार्ग आहे. काखेतून काखेपर्यंत, मागच्या गळ्यापासून खालच्या काठापर्यंत आणि पॅन्टची आतली शिवण, अशी तीन मापं कागदावर लिहून न्या. एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे कपडे शेजारी ठेवले की फरक डोळ्यांनी दिसतो.

बदलून घ्यायची मुदत थंडीपर्यंत टिकत नसते. आणल्यावर लगेच मोजा, मग ठेवा. पिशवीवर लेबलचं माप नाही, तर सेमी आणि "अमुक महिन्यात घालायचं" असं लिहा, नाहीतर कपडे लहान झाल्यावर आठवतात.

पाऊलखुणा
बूट आत्ता घेऊ नका. या वयात पाय महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतो, पण प्रत्येक मुलाचा वेग वेगळा, आणि कपड्याचा सैलपणा जसा टकेने आवरता येतो तसा बुटाचा येत नाही. मोठ्या बुटात पाय पुढे सरकतो, बोटं आवळली जातात, चाल बिघडते. थंडी सुरू झाली की संध्याकाळी, उभं करून, दोन्ही पावलं मोजायची. मोठं पाऊल धरायचं आणि पुढे 12 मिलिमीटर जागा.

झोपायचे कपडे अंगाबरोबरच हवेत. सैल कापड ज्वाळेपाशी पटकन पेट घेतं, तेव्हा तिथे पुढच्या मापाचा मोह टाळा. कानटोपी मात्र निर्धास्त घ्या: डोक्याचा घेर दुसऱ्या वर्षात सव्वादोन सेमी आणि तिसऱ्या वर्षात सव्वा सेमीच्या आसपास वाढतो, त्यामुळे ताणणारी टोपी दोन थंड्या सहज जाते.

चिमणचारा
खूप मदत झाली. बूट रद्द. एक शंका: एका दुकानात "24 महिने" आणि "2 वर्षे" अशी दोन वेगळी लेबलं दिसली. फरक काय? आणि अंगभर एकसंध कपडे आणि डंगरी घ्यावी का?

मोजपट्टी
"24 महिने" हा बाळांच्या कापाचा कपडा: बसायच्या जागी डायपरसाठी जास्त कापड, कंबर रुंद. "2 वर्षे", किंवा काही लेबलांवर "2टी", चालत्या-धावत्या मुलाच्या कापाचा: सडपातळ आणि पायाला थोडा लांब. उंची जवळपास तीच.

26 ते 30 महिने म्हणजे बऱ्याच मुलांचं डायपर सुटायचं वय. एकसंध कपडा आणि डंगरी सोडवता सोडवता उशीर होतो आणि मुलाला स्वतःला काढता येत नाही. म्हणून रोजच्या वापराला इलॅस्टिकची ओढायची पॅन्ट घ्या, "2 वर्षे" कापाची, अंदाजे निम्मीच, बाकीची तेव्हा बघून. झोपायचा एकसंध कपडा घ्यायचाच असेल तर टेप एका खांद्यावरून पायांमधून घेऊन परत त्याच खांद्यावर आणा. नवीन कपड्याचा हाच घेर आजच्या आकड्यापेक्षा 4-6 सेमीने जास्त हवा, कारण एकसंध कपडा सगळ्यात आधी पायांमध्ये तोकडा पडतो.