मदत हवी आहे: जुनी साइट अपडेट केली, आता पांढरं पान येतंय, लेख गेले का?

कोरीपाटी: बारा-तेरा वर्षांचे लेख आहेत साइटवर. होस्टिंगवाल्यांनी पीएचपी (साइट ज्या भाषेवर चालते ती) बदललं तेव्हापासून एरर येत होते म्हणून काल रात्री साइटच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन उतरवून जुन्याच्या जागी टाकलं, तर आता नुसतं पांढरं पान येतंय, लॉगिनलाही जाता येत नाहीये. लेख परत मिळतील ना? प्लीज लवकर सांगा.

टर्मिनलवाला: सीएमएस, म्हणजे साइटचं सॉफ्टवेअर, कुठला? आधी कितवं व्हर्जन होतं, आता कितवं टाकलंत? डेटाबेसचा बॅकअप आहे का?

निळीशाई: माझी साइट पण फार हळू उघडायची. कॅशिंग चालू केलं, फोटो वेबपीमध्ये केले, खूप फरक पडला. करून बघा.

कोरीपाटी: हळू नाही हो, उघडतच नाहीये! ड्रुपल आहे, ७ होतं, १० टाकलं. पीएचपी ८.१. बॅकअप महिन्यापूर्वीचा आहे, त्यानंतरचे नऊ लेख त्यात नाहीत.

मोकळीचौकट: ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ लाच संपला. आता त्यात जीव घालवू नका, सरळ वर्डप्रेसवर या. मी दोन साइट हलवल्यात, आठवड्याचं काम.

टर्मिनलवाला: अहो त्यांची साइट बंद पडलीय आणि तुम्ही घर बदलायला सांगताय. कोरीपाटी, ७ वरून १० वर फाइली बदलून जाता येत नाही, ८ पासून आतली रचनाच वेगळी आहे. पण लेख, कमेंट, युजर हे सगळं डेटाबेसमध्ये असतं, फाइली बदलल्या म्हणून ते जात नाही. इन्स्टॉलरचं पान आलं तर पुढे जाऊ नका. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस बघायचं टूल) नोड टेबलात किती ओळी आहेत ते बघा, ड्रुपलमध्ये प्रत्येक लेख म्हणजे एक नोड. आणि जुनं साइट्स फोल्डर कुठाय? फोटो त्यातच असतात, ते उडवलं असेल तर मात्र अवघड आहे.

कोरीपाटी: १८४६ ओळी!! साइट्सचं नाव बदलून बाजूला ठेवलं होतं, बाकी सगळं डिलीट केलं.

टर्मिनलवाला: मग वाचलात. आत्ताच्या डेटाबेसचा पूर्ण एक्सपोर्ट घ्या, महिन्यापूर्वीच्यावर विसंबू नका. मग १० च्या फाइली काढा, ७ चं शेवटचं रिलीज टाका, जुनं साइट्स फोल्डर मूळ नावाने परत ठेवा आणि अपडेट डॉट पीएचपी (डेटाबेस अपडेट करणारं पान) चालवा. जुनी मॉड्यूल्स (ड्रुपलला जोडलेले जादा भाग) पीएचपी ८.१ वर कुरकुरली तर होस्टिंग पॅनेलमधून तात्पुरतं पीएचपी ७.४ करा. ड्रुपल १० वेगळ्या जागी, रिकाम्या डेटाबेसवर बसवायचं. तिथे मायग्रेट ड्रुपल यूआय मॉड्यूल चालू केलं की ते जुना डेटाबेस नुसता वाचतं आणि इकडे आणतं. त्याआधी नव्या साइटवर एकही लेख लिहू नका, नाहीतर नोडचे नंबर एकमेकांवर आदळतात. थीम (साइटचं रूप) आणि व्ह्यूज (लेखांच्या याद्या) येत नाहीत, ते हाताने करावे लागतात, आणि वेळ त्यातच जातो.

जुनीपायरी: एवढं कशाला? बॅकड्रॉप हा सीएमएस बघा. ड्रुपल ७ मधूनच फुटून २०१५ ला निघालंय, ७ चा डेटाबेस थेट अपग्रेड करतं.

टर्मिनलवाला: त्यांची मॉड्यूल्स बॅकड्रॉपसाठी आलीयेत का ते माहीत आहे का तुम्हाला?

जुनीपायरी: ते तुम्हीही १० साठी विचारलं नाहीत.

मोकळीचौकट: म्हणूनच म्हणतोय, वर्डप्रेस.

कोरीपाटी: तुम्ही भांडू नका, ७ चालू झालं!! वर दोन वॉर्निंग दिसतायत पण लेख, फोटो सगळं आहे, खूप खूप आभार. दुसऱ्या जागी १० बसवून मायग्रेट पण चालवलं, लेख आले पण युजरना जुन्या पासवर्डने लॉगिन होत नाहीये. सगळ्यांना नवीन पासवर्ड द्यावे लागतील का?

टर्मिनलवाला: नाही. १०.१ पासून जुने पासवर्ड तपासायचं काम वेगळ्या मॉड्यूलकडे गेलंय, पासवर्ड कंपॅटिबिलिटी नावाचं, कोअरमध्येच आहे, म्हणजे ड्रुपलसोबतच येतं. एक्स्टेंडमध्ये (मॉड्यूलच्या यादीत) जाऊन चालू करा. आणि फोटो दिसतायत का १० वर?

कोरीपाटी: लॉगिन झालं! फोटो नाही दिसत. फाइल्सचा पाथ विचारला होता तिथे मी काहीच भरलं नव्हतं.

टर्मिनलवाला: तिथे जुन्या साइटचा पत्ता द्यायचा असतो. १० चा डेटाबेस रिकामा करून १० परत बसवा आणि मायग्रेट पुन्हा चालवा, ७ ला हात लावू नका.