मदत हवी आहे: आईसाठी रेकीची सेकंड डिग्री करू का? अर्जंट

अमळनेरकर: आईला रेकी (हात ठेवून ऊर्जा देतात ती) लावलीये, रेकीवाल्या ताई म्हणतात पायात ऊर्जा अडकलीये, मूलाधार चक्र बंद. मी पुण्यात, आई गावाला, मी सेकंड डिग्री (रेकीचा पुढचा कोर्स) घेतली तर लांबून देता येईल म्हणे. आज रात्रीपर्यंत पैसे भरायचेत. कोणाला फायदा झालाय का? लवकर सांगा

तापीकाठ: होतो ना! मी केलीये, तळहात असे गरम होतात की बस. रेकी सुरू करणाऱ्या जपानच्या उसुईंना 1922 मध्ये कुरामा डोंगरावर उपासात मिळालेली विद्या आहे ही, उगाच नाही

भुसावळी_इंजिन: काय भो, ऊर्जा ज्युलमध्ये मोजतात, ही कोणत्या मीटरवर दिसते? अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या शाळकरी पोरीने 21 हीलरांचे (हाताच्या ऊर्जेने बरं करतो म्हणणाऱ्यांचे) हात पुठ्ठ्याआड ठेवायला लावले आणि माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे ते ओळखा म्हणाली. 280 पैकी 123 वेळा बरोबर. 1998 ला जामा या अमेरिकेतल्या डॉक्टरी जर्नलमध्ये छापून आलंय. नुसत्या अंदाजाने निम्मी येतात!

तापीकाठ: ते थेरप्युटिक टचवाले (अंगाला न लावता वरून हात फिरवणारे) होते, रेकीवाले नाही. आधी वाचा

भुसावळी_इंजिन: ऊर्जा वेगळ्या कंपनीची का?

मेडिकलवाला_चोपडा: भांडा नंतर. आईंना झालंय काय? वय किती, गोळ्या कोणत्या?

अमळनेरकर: लिहिलं की पायाचं. तळव्याला मुंग्या, रात्री आग. ताईंनी हात धरला की मुंग्या वाढतात, म्हणजे ऊर्जा वाहायला लागली. शुगर आहे पण ती जुनीच, तिचा काय संबंध

रावेरची_केळी: काशाची वाटी आणि तूप घासा, आणि मीठमिरचीने दृष्ट काढा. फुकटात काम

मेडिकलवाला_चोपडा: अहो शुगरचाच संबंध! जुन्या शुगरने नसा खराब होतात, मुंग्या आणि आग त्यानेच होते. मेटफॉर्मिन चालू आहे का? ती बरीच वर्षं घेतली की बी12 कमी होऊ शकतं, त्यानेही मुंग्या येतात. डॉक्टरांना विचारून बी12 आणि तीन महिन्यांची शुगर तपासा. तळवे रोज बघायचे, जखम झाली तरी कळत नाही. वाटी घासा हवी तर, गरम पाण्यात पाय नको, चटका समजणार नाही

अमळनेरकर: मेटफॉर्मिनच असेल, पांढरी मोठी. सकाळची ताईंनी सध्या सोडायला सांगितलीये, चक्र क्लिअर होईपर्यंत. पण पैसे भरू की नको ते कोणीच सांगत नाहीये

तापीकाठ: गोळी सोडायला रेकीत कुठेच सांगत नाहीत हां, ते त्यांच्या मनाचं

मेडिकलवाला_चोपडा: पैसे राहू द्या. आत्ता आईंना फोन लावा, आज शुगर तपासायला सांगा आणि डॉक्टरांशी बोलून गोळी चालू करा

रावेरची_केळी: या ताई जळगावला बसतात का? मेव्हणीची कंबर धरलीये