मदत हवी आहे: पुस्तक घरात आहे, मग त्याची पीडीएफ उतरवली तर बेकायदेशीर?

वाडेकरी_पुणे (धागाकर्ता)
मंडळी, घाईत आहे, थोडक्यात विचारतो. वाडा पुनर्विकासाला गेलाय, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्यात. बावधनच्या भाड्याच्या जागेत पुस्तकं मावणार नाहीत, खोक्यांत भरून चुलतभावाच्या गोडाऊनला जाणार. सगळी पैसे मोजून घेतलेली आहेत, बरीचशी अप्पा बळवंत चौकातली. पावत्या मागू नका, कोण ठेवतं? यातल्या पुष्कळ पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर पडल्यात. पुस्तक माझंच, मग उतरवायला हरकत काय? बायको म्हणते चोरी आहे. हो की नाही, एवढंच सांगा.

मुळशीचा_वारा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक
पेनड्राइव्हमधल्या पुस्तकांची देवघेव इथे नको. वरचा प्रतिसाद त्यासाठीच उडवला आहे.

काळाकोट
शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. पुस्तकं कोणती? लेखक हयात आहेत का, नसतील तर कधी गेले? भाषांतरं आहेत का? यावर उत्तर बदलतं.

वाडेकरी_पुणे
मराठी पुस्तकं आहेत हो. कादंबऱ्या, चरित्रं, नाटकं. हो की नाही?

खोडकिडा
गोडाऊन म्हणालात म्हणून सांगतो. पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर अजिबात ठेवू नका, वाळवी आधी पुठ्ठा खाते. खाली लाकडी फळ्या नकोत, लोखंडी रॅक घ्या, भिंतीपासून वीतभर लांब. कडुनिंबाचा पाला वाळवून घाला. डांबरगोळ्यांनी वाळवी जात नाही, फक्त वास सुटतो.

काळाकोट
बरं, सरसकट सांगतो. कॉपीराइट कायदा 1957 चा. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षं हक्क टिकतो. म्हणजे 1960 साली गेलेल्या लेखकाचं लेखन 2021 पासून सगळ्यांना खुलं. हरि नारायण आपटे 1919 ला गेले, त्यांचं काहीही बिनधास्त उतरवा. पण भाषांतराचा हक्क वेगळा, तिथे भाषांतरकार कधी गेला तेही बघायचं. जुन्या पुस्तकाला नव्या संपादकाची प्रस्तावना नि टिपा असतील तर त्यांचा हक्क त्या संपादकाकडे.
बाकीच्यांबद्दल: तुम्ही विकत घेतलात तो कागद. ती प्रत विका, भेट द्या, रद्दीत घाला, कोणी विचारणार नाही. मजकुराच्या नव्या प्रती काढायचा हक्क त्यासोबत येत नाही. टेलिग्रामवरची पीडीएफ ही दुसऱ्याच कोणीतरी परवानगीशिवाय काढलेली प्रत आहे.

नारायणपेठी_तिरका
वकीलसाहेब अर्धंच सांगतायत. कलम 52(1)(ए) वाचा. खाजगी वापरासाठी आणि संशोधनासाठी केलेला रास्त वापर म्हणजे उल्लंघन नाही. आणि 2012 च्या दुरुस्तीने त्याखाली स्पष्टीकरण घातलंय, की या कामांसाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हेही उल्लंघन नाही. मग राहिलं काय?

काळाकोट
'रास्त' राहिलं. अख्खंच्या अख्खं पुस्तक, तेही बाजारात मिळत असलेलं, चोरीच्या प्रतीवरून घेणं रास्त ठरेल हे कोर्टाला पटवून द्यायची जबाबदारी तुमच्यावर येते.

नारायणपेठी_तिरका
आणि दिल्ली विद्यापीठात पुस्तकांची पानं झेरॉक्स करून देणाऱ्या दुकानावर प्रकाशकांनी केलेला खटला? 2016 ला प्रकाशक हरले की!

काळाकोट
ते कलम शिक्षणाचं, 52(1)(आय). शिकवण्याच्या ओघात लागणारी पानं. चुलतभावाचं गोडाऊन त्यात बसत नाही.

छापखाना
प्रकाशन व्यवसायात आहे, म्हणून राहवत नाही. छोट्या प्रकाशकाची एक आवृत्ती संपायला वर्षं लागतात. पुस्तक आलं की आठवड्यात टेलिग्रामवर. इथे लोक 'माझंच आहे' म्हणतात, पण त्या चॅनेलवरच्या बाकीच्या हजारोंकडे कुठे प्रत असते?

कोथरूडची_मैना
मग ई-पुस्तकं काढा ना वेळेवर! परदेशात राहणारी मुलगी विकत घ्यायला तयार आहे, तुमच्याकडे मिळतच नाही. आवृत्ती संपली की दहा वर्षं 'लवकरच'.

छापखाना
लेखकांशी जुने करार कागदी पुस्तकाचेच आहेत. ई-हक्कासाठी वारसांच्या सह्या लागतात, आणि तीन भावंडं एकमेकांशी बोलत नसतात. असो, अवांतर होतंय.

बिटवाला
तांत्रिक मुद्दा. टॉरंटने उतरवताना त्याच वेळी तुमच्याकडून इतरांना फाइल जाते, म्हणजे तुम्ही वाटपही करता. टेलिग्रामवर तसं नाही. अर्थात 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला पायरसीचे चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती उघड करायला सांगितली होती. रोख चालवणाऱ्यांवर होता, उतरवणाऱ्यांवर नाही.

वाडेकरी_पुणे
म्हणजे पकडणार नाहीत. चालेल मग?

काळाकोट
पकडणं आणि कायदेशीर असणं वेगळं. कलम 63 खाली जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड लिहिलाय. धंदा म्हणून केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र धरलाय. घरच्या वाचकाच्या मागे पोलीस लागतील असं मी म्हणत नाही. पण इथे 'हो, खुशाल उतरवा' असं लिहून देणार नाही.

नारायणपेठी_तिरका
धागाकर्ते, सरळ मार्ग आहे. स्वतःच्या पुस्तकाचं स्वतः स्कॅन करा. मूळ प्रत कायदेशीर, वापर घरगुती, 52(1)(ए) तिथे कितीतरी भक्कम. मी बाइंडिंग न फोडता काच ठेवून मोबाइलने पानं घेतो. फक्त नंतर मूळ पुस्तकं विकू नका, मग युक्तिवाद ढेपाळतो.

वाडेकरी_पुणे
शेकडो पुस्तकं कोण स्कॅन करणार? बाबांना रोज वाचायला लागतं. पीडीएफ टॅबवर बोटांनी मोठी करून वाचतात, छापील आता जमतच नाही.

कोथरूडची_मैना
छापील जमत नाही म्हणजे?

वाडेकरी_पुणे
मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब झालाय दोन्ही डोळ्यांचा. इंजेक्शनं चालू आहेत. पण प्रश्न कायद्याचा आहे.

काळाकोट
अहो, मग हे पहिल्या ओळीत लिहायचं! कायद्याचाच प्रश्न त्याने बदलतो. 2012 मध्येच 52(1)(झेडबी) आलं. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणीही, नफा न घेता, पुस्तक तिला वाचता येईल अशा स्वरूपात आणू शकतं, दुसऱ्या अपंग व्यक्तीला देऊही शकतं. वडिलांची दृष्टी किती?

वाडेकरी_पुणे
पहिल्या ओळीत कशाला? पुस्तक वाचायलाच हवं असणार ना माणसाला. चष्म्यासकट चांगल्या डोळ्याची 6/36 लिहिलीय.

काळाकोट
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासकट 6/18 पेक्षा कमी असली की अल्पदृष्टीत येते. तुमचे वडील त्यात बसतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा.

नारायणपेठी_तिरका
म्हणजे टेलिग्रामही चालेल!

काळाकोट
मी तसं म्हटलं नाही. वडिलांसाठी तुम्ही प्रत तयार करणं या कलमात नीट बसतं. चॅनेलवाल्याने ती अपंगांसाठी केलेली नसते.

श्रवणसाथी
अंध विद्यार्थ्यांसाठी वाचन करते. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र, ते मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते नि माणूस सारखा सरकवत बसतो. अक्षरओळख केलेला मजकूर हवा, म्हणजे फॉन्ट वाढला तरी ओळ खाली वळते आणि फोन वाचूनही दाखवतो. टेसरॅक्ट हे अक्षरओळखीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याला मराठी येतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं चुकतात, एकदा नजर घालावी लागते. शिवाय सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सदस्यत्व घ्या, छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच आहे, मराठीही मिळतं. प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, तपासणीला ससून रुग्णालयात जावं लागेल, सकाळी लवकर जा.

खोडकिडा
गोडाऊन तळमजल्याला आहे का? जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा माझ्या ओळखीच्यांची दोन कपाटं लगदा झाली.

वाडेकरी_पुणे
वारज्यात आहे, पहिल्या मजल्यावर. वकीलसाहेब, साठ वर्षंवाली पुस्तकं वेगळी काढतोय, ती आजच उतरवतो. बाकीच्यांतली बाबा सध्या वाचतायत ती भाड्याच्या घरी नेतो, स्कॅन तिथे करू. श्रवणसाथी, टेसरॅक्ट मोबाइलवर चालतं की लॅपटॉपच लागतो? लॅपटॉप ऑफिसचा आहे, त्यावर काही टाकू देत नाहीत.

मुळशीचा_वारा
लॅपटॉप जुना चालेल का? विकायचाय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.